स्वीट पी : एका फुलाच्या बदल्यांचा इतिहास

फुलांचा इतिहास बहुधा राजेरजवाड्यांच्या उद्यानांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गुलाब म्हटला की मोगलांच्या बागा डोळ्यांपुढे येतात. ट्यूलिप म्हटले की तुर्की सुलतान आणि हॉलंडचे सावकार आठवतात. परंतु ज्याचा भाग्योदय अगदी सामान्य माणसांच्या हातून झाला असेही एक फूल आहे. एका साधूने ते प्रथम वर्णिले, एका शाळामास्तराने ते परदेशात रुजविले, दुसऱ्याच्या बागेत पगारी चाकरी करणाऱ्या माळ्यांनी त्याला रूप दिले, आणि खाणीत राबणाऱ्या एका मजुराच्या बायकोने त्याला कुंडीच्या वाटेवर आणून सोडले. हे फूल म्हणजे स्वीट पी. दिल्ली, लखनौ, जबलपूर, चंदीगड, डेहराडून अशा ठिकाणी ज्यांची नोकरी झाली त्या मराठी वाचकांना त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. माघ-फाल्गुनात सरकारी वसाहतींतून चालत जावे, आणि एखाद्या कुंपणावरून किंवा वरच्या मजल्याच्या सज्जातून मोगऱ्याहून सौम्य आणि मधाच्या जवळचा असा वास अंगावर यावा, हा अनुभव उत्तरेत राहिलेल्या बहुतेकांच्या पदरी आहे. महाराष्ट्रात मात्र पुणे-नाशिककडील थोडे हौशी लोक सोडले तर या फुलाचा फारसा गाजावाजा नाही. परमुलखात गेल्यावर ज्याची ओळख होते अशा स्नेह्यांपैकी ते एक आहे.

त्याला मराठीत रूढ नाव नाही. ‘गोड वाटाणा’ असे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह होतो. पण तो टाळलेला बरा. इंग्रजी नावातील गोडी वासाची आहे, चवीची नव्हे. शास्त्रीय नाव ‘लॅथिरस ओडोरॅटस’ असे असून त्यातील ‘ओडोरॅटस’चा अर्थ ‘सुगंधी’ असाच आहे. आपण खातो तो वाटाणा याचा दूरचा नातलग. जवळचा भाऊ निराळाच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत भात निघण्याच्या सुमारास ओल्या बांध्यांतून पेरली जाणारी लाखोळी ही याच लॅथिरस कुळातील. तिचे दाणे दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ले तर पाय लुळे पडतात, हे वैद्यकास फार दिवसांपासून ठाऊक आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेल्या कर्नल स्लीमन यांनी सागर भागात गव्हाची पिके बुडाल्यानंतर या डाळीमुळे पांगळ्या झालेल्या माणसांचे वर्णन १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. स्वीट पीच्या बियांतील विष लाखोळीच्या विषाहून वेगळे; ते हाडांवर आणि सांध्यांतील बंधनांवर परिणाम करते. तेव्हा घरात लहान मुले असतील तर ‘या शेंगा वाटाण्यासारख्या दिसल्या तरी खावयाच्या नाहीत’ हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. फुलाच्या इतिहासात शिरण्यापूर्वी एवढी सूचना अवश्य वाटते.

या फुलाचे मूळ गाव सिसिली बेट व दक्षिण इटली. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को कूपानी नावाचा फ्रान्सिस्कन पंथाचा एक साधू सिसिलीत वनस्पतींचा अभ्यास करीत असे. पालेर्मोजवळच्या मिसिल्मेरी येथे कात्तोलिकाच्या राजपुत्राचे उद्यान होते, आणि तेथील झाडांची व्यवस्था कूपानीकडे होती. त्याने १६९६ साली ‘होर्तुस कातोलिकुस’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. नावावरून तो धर्मग्रंथ वाटावा. परंतु ते उद्यानाच्या धन्याच्या जहागिरीचे नाव आहे. या ग्रंथात एका केसाळ वेलाची नोंद असून त्याचे फूल मोठे, रमणीय आणि सुगंधी असल्याचे म्हटले आहे. त्या फुलाची वरची पाकळी गडद किरमिजी व बाजूच्या दोन जांभळ्या. देठावर दोन किंवा तीनच फुले, तीही आजच्या मानाने लहान. पण वास असा की एक देठ सगळ्या खोलीला पुरावा.

हा वेल सिसिलीच्या हवेने घडविलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तेथे पावसाळा हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा व कडक. बी शरद ऋतूत रुजते, थंडीत वेल मुळे धरतो, वसंतात फुलतो आणि ऊन तापले की शेंगा तडकवून मरून जातो. त्याची सारी धडपड उन्हाळ्यापूर्वी काम आटोपण्याची असते. पुढे दोनशे वर्षे ज्या इंग्लंडात त्याचे कोडकौतुक झाले, तेथे त्याला वसंतात पेरून उन्हाळ्यात फुलविण्याचा रिवाज पडला. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात तो आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात फुलवितात. म्हणजे दिल्लीच्या कुंडीत हा वेल आपल्या जन्मगावचेच पंचांग पुन्हा पाळू लागतो.

कूपानीने १६९९ साली या वेलाचे बी दोन ठिकाणी पाठविले असे परंपरेने सांगतात. एक पुडी अॅमस्टरडॅमच्या कास्पार कोमेलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेली. त्याने १७०१ साली वेलाचे चित्र छापले. दुसरी पुडी लंडनजवळील एन्फील्ड येथील डॉ. रॉबर्ट युव्हडेल यांना मिळाली. हे गृहस्थ शाळेचे मुख्याध्यापक. दूरदेशीची झाडे जमविण्याचा आणि काचघरात ती जगविण्याचा त्यांना नाद होता. अशा रीतीने ही पहिली बदली झाली, आणि ती कागदाच्या पुडीतून झाली.

१७५३ साली लिनिअस याने या वेलाला आजचे शास्त्रीय नाव दिले. मात्र त्याच वेळी त्याने याचे दोन प्रकार नोंदविले : एक सिसिलीचा, दुसरा सिंहलद्वीपाचा. गुलाबी व पांढऱ्या फुलांचा ‘पेंटेड लेडी’ म्हणून पुढे लोकप्रिय झालेला वाण या दुसऱ्या सदरात पडला. सिंहलद्वीपात हा वेल रानटी स्थितीत कोणालाही आढळलेला नाही, आणि तेथील उष्ण दमट हवेत तो आपण होऊन वाढण्याचा संभवही नाही. तरीसुद्धा पुढील दीडशे वर्षे विद्वान लोक सिंहलद्वीपाचा उल्लेख करीत राहिले. एकदा फायलीवर चढलेली नोंद खाली उतरविणे किती कठीण असते, हे आम्हा कारकुनांना कोणी निराळे सांगावयास नको. शास्त्राच्या दफ्तरातही तोच प्रकार चालतो, एवढेच यातून दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लंडनच्या बियाणेवाल्यांच्या यादीत या फुलाचे पाचच रंग दिसतात : काळसर, जांभळा, तांबडा, पांढरा आणि ‘पेंटेड लेडी’. शंभर वर्षांत एवढीच प्रगती होण्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. स्वीट पीच्या फुलाची वरची रुंद पाकळी पताकेसारखी उभी असते, तिच्यापुढे दोन पाकळ्या पंखांसारख्या पसरलेल्या असतात, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारखा आकार होतो. पुंकेसर व स्त्रीकेसर या होडीत बंद असतात. कळी उमलण्यापूर्वीच आतल्या आत परागसिंचन उरकलेले असते. मधमाशी नंतर आली काय आणि न आली काय, वंशात बहुधा काही फरक पडत नाही. चार्ल्स डार्विन याने वनस्पतींच्या परसंयोग व स्वसंयोगावरील १८७६ सालच्या ग्रंथात याची चर्चा केली आहे. निरनिराळ्या रंगांचे वाण शेजारी शेजारी लावूनही इंग्लंडात ते शुद्धच राहतात, याकडे त्याने लक्ष वेधले. या गुणामुळे नवे रंग आपोआप निपजत नव्हते. पण याच गुणामुळे एकदा निपजलेला रंग हरवतही नव्हता. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

बंद होडी उघडण्याचे काम हेन्री एकफर्ड याने केले. १८२३ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा माणूस आयुष्याचा बराच काळ मोठ्या लोकांच्या बागांत मुख्य माळी म्हणून राबला. सुमारे १८७० पासून, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्याने स्वीट पी हाती घेतली. उमलण्याआधीच कळी उघडावयाची, परागकोश अलगद काढून टाकावयाचे, दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावावयाचे, आणि मग शेंग धरण्याची वाट पाहावयाची; त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जावयाचे. असे हे काम. १८८८ साली तो श्रॉपशायरमधील वेम या गावी आला आणि तेथे स्वतःच्या नावाने धंदा करू लागला. फूल आकाराने मोठे झाले, देठावरील फुलांची संख्या वाढली, रंगांची यादी लांबली. युव्हडेलच्या पुडीला दोनशे वर्षे झाली म्हणून १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शन भरले, तेव्हा मांडलेल्या २६४ वाणांपैकी ११५ वाण एकट्या एकफर्डने निर्माण केलेले होते. त्याच वर्षी स्वीट पीचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. एकफर्ड १९०५ साली वारला. त्याच वर्षी त्याला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे व्हिक्टोरिया पदक मिळाले होते. साठी उलटल्यावर दुसऱ्याची चाकरी सोडून स्वतःचे काम उभारणाऱ्या या माणसाचे चरित्र निवृत्तीकडे झुकलेल्या प्रत्येक नोकरदाराने वाचावे असे आहे.

एकफर्डच्याच ‘प्रिमा डोना’ नावाच्या गुलाबी वाणातून पुढचा चमत्कार झाला, आणि तोही कोणी घडविल्यावाचून. नॉर्थॅम्प्टनशायरमधील ऑल्थॉर्प येथे अर्ल स्पेन्सर यांच्या पदरी सायलस कोल नावाचा मुख्य माळी होता. त्याच्या वाफ्यात मोठ्या, चुणीदार, लाटालाटांच्या पाकळ्यांचे फूल आले. ते त्याने १९०१ साली ‘काउंटेस स्पेन्सर’ या नावाने प्रदर्शनात मांडले आणि लोक थक्क झाले. जवळपास त्याच सुमारास केंब्रिजशायरमधील हिस्टन गावी, बाजारासाठी फुले लावणाऱ्या विल्यम अन्विन यालाही त्याच ‘प्रिमा डोना’त चुणीदार फूल आढळले, त्याने त्याला आपल्या मुलीवरून ‘ग्लॅडिस अन्विन’ असे नाव दिले. कोलचे फूल अधिक भव्य. पण त्याचे बी पेरले तर संतती नाना प्रकारची निघे. अन्विनचे फूल थोडे लहान, परंतु बी शुद्ध. सरदाराच्या माळ्याला कीर्ती मिळाली आणि खेड्यातल्या माणसाला बियाण्याचा भरवशाचा व्यापार मिळाला.

त्यानंतर इंग्लंडात या फुलाचे जणू वेडच लागले. १९११ साली ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने स्वीट पीच्या उत्तम गुच्छाला १००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. हजारोंच्या संख्येने गुच्छ आले. पहिले आणि तिसरे ही दोन्ही बक्षिसे स्कॉटलंडातील केल्सोजवळच्या डेन्होम फ्रेझर नावाच्या पाद्र्याच्या घरात, त्या पतिपत्नींना मिळाली! खेड्यातील धर्मोपदेशकाला १००० पौंड म्हणजे काही वर्षांची मिळकत. या स्पर्धेत जहागीरदारांचे माळी आणि छोट्या परसांचे मालक एकाच टेबलावर आले होते, आणि जिंकले ते परसाचे मालक.

येथवरच्या कथेत जमीन आहे, कुंडी नाही. सहा-सात फूट चढणारा वेल कुंडीत लावण्याची कल्पना इंग्रज माळ्यांना फारशी रुचणारी नव्हती. कुंडीची वाट अटलांटिकपलीकडून आली. न्यूयॉर्क संस्थानाच्या उत्तर भागात दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या एका मजुराची बायको आपल्या दारात ‘पेंटेड लेडी’ लावीत असे. जमीन म्हणजे चुनखडकावरचा मातीचा पातळ थर. सुमारे पंचवीस वर्षे तिने दरसाल त्याच वेलांचे बी धरले आणि तेच पुढील वर्षी पेरले. हळूहळू तिचे वेल ठेंगणे, भरदार व लवकर फुलणारे झाले आणि फुलांचा रंगही खुलला. डेट्रॉइटच्या फेरी कंपनीने ते बी घेऊन १८८९ साली ‘ब्लँच फेरी’ या नावाने बाजारात आणले. फुलाला नाव मिळाले ते बियाणेवाल्याच्या घराण्याचे. मजुराच्या बायकोचे नाव या कथेच्या प्रचलित वृत्तांतांत आढळत नाही.

या कथेतून चुकीचा बोध घेण्याचा संभव आहे. पातळ मातीने वेलाला ठेंगणेपणा शिकविला आणि तो त्याने मुलांना दिला, असे तेव्हाच्या लोकांना वाटले असेल. पण वंशपरंपरा तशी चालत नाही. ज्या वेलांना त्या हलक्या जमिनीत तग धरता आला आणि लवकर फुलता आले, त्यांच्याच शेंगा तिच्या हाती लागल्या. त्यांतूनही तिने चांगल्या फुलांचे बी निवडून ठेवले असणार. पंचवीस वर्षे न चुकता केलेली ती निवड होती. तिने केलेले काम एकफर्डच्याच जातीचे होते. फरक इतकाच की, एकफर्डजवळ वाफे होते आणि तिच्याजवळ टीचभर मातीखाली दगड होता.

‘ब्लँच फेरी’तून ‘एमिली हेन्डरसन’ हा शुभ्र वाण निघाला, आणि कॅलिफोर्नियात मोर्स कंपनीच्या शेतावर १८९३ साली ‘एमिली हेन्डरसन’च्या ताटव्यात वीतभर उंचीचे एकच झाड सापडले. फिलाडेल्फियाच्या बर्पी यांनी ते ‘क्युपिड’ नावाने १८९५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. कुंडीत लावता येईल अशी पहिली स्वीट पी ती हीच. जाहिराती फार झाल्या; पण इंग्लंडच्या ओलसर हवेत तिच्या कळ्या गळत, बी कुजे, आणि देठ इतके आखूड की फुलदाणीत ठेवण्याची सोय नाही. पुढे १९६० नंतरच्या काळात ‘बिजू’, ‘नी-हाय’ असे गुडघ्याएवढे वाण निघाले. देठ बेताचा लांब आणि उंची बेताची कमी, असा तो मध्यम मार्ग होता.

या ठेंगण्या वंशाने शास्त्राला मात्र मोठे देणे दिले. केंब्रिज येथे विल्यम बेटसन, एडिथ सॉन्डर्स व रेजिनाल्ड पनेट हे मेंडेलच्या नियमांची परीक्षा पाहत होते. त्यांनी ‘एमिली हेन्डरसन’चे दोन पांढरे वेल, एक लांबट परागांचा व एक गोल परागांचा, यांचा संकर केला. पांढरा आणि पांढरा मिळून संतती निघाली ती जांभळी, जवळजवळ कूपानीच्या रानवेलासारखी! प्रत्येक पांढऱ्या वेलात रंग घडविणाऱ्या दोन घटकांपैकी वेगवेगळा एक हरवलेला होता. दोन्ही एकत्र येताच पूर्वजांचा रंग उमटला. तसेच ठेंगणा ‘क्युपिड’ आणि ‘बुश’ नावाचा झुडपी वाण यांच्या संकरातून चांगला उंच वेल निपजला. पुढील पिढीत त्यांना असेही दिसले की, काही गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे सुटे न होता जोडीनेच उतरतात. १९०५ च्या सुमारास नोंदलेले हे निरीक्षण म्हणजे गुणांच्या सहबद्धतेचा पहिला पुरावा होय. त्याचा खरा उलगडा पुढे अमेरिकेत मॉर्गन याने फळमाशीवरील प्रयोगांतून केला. खाणकामगाराच्या दारातला वेल अशा रीतीने आनुवंशिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

हिंदुस्थानात स्वीट पी आली ती इंग्रजांच्या सामानातून. विल्यम कॅरी यांनी १८२० साली कलकत्त्यास कृषि-उद्यान मंडळ स्थापन केले. अशा संस्थांमार्फत परदेशी बियाणे मागविण्याची सोय झाली. गलबतातून महिनोन्‌महिने उष्ण दमट हवेत आलेले बी बहुधा निकामी होई. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा प्रवास आटोपशीर झाला. पुढे पुण्यातही १८८४ सालापासून पेस्तनजी पोचा यांच्या पेढीने बियाण्याचा व्यापार सुरू केला. आता फुलझाडांचे बी आपल्याच देशात, विशेषतः पंजाबात, तयार होऊन बाहेरही जाते.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या बागेचे एक वैशिष्ट्य होते : तिच्यात कुंड्या फार असत. कारण उघड आहे. बदलीचा हुकूम केव्हा येईल याचा नेम नसे. जमिनीत लावलेली बाग पुढच्या साहेबाला मिळे. कुंड्या मात्र बैलगाडीवर चढविता येत किंवा निघताना विकता येत. उत्तरेकडे कुंडीला ‘गमला’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘गामेला’, म्हणजे लाकडी पसरट भांडे, यावरून आला असे भाषाभ्यासक सांगतात. आणि आपले ‘घमेले’ही त्याच घराण्यातले. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेला एक शब्द आपल्याकडे गवंड्याच्या डोक्यावर गेला आणि दिल्लीत माळ्याच्या हाती पडला.

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन आहे. दिल्लीतील जुन्या सरकारी वसाहतींत तळमजल्याच्या क्वार्टरला अंगण असे आणि वरच्याला मोकळी गच्ची. २०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर इत्यादी सात वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता मिळाली आणि बुटक्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या करण्याचे काम निघाले. अंगण ही वस्तू आमच्या वर्गाच्या आयुष्यातून जात आहे. राष्ट्रपतिभवनाच्या बागेत (२०२३ पासून तिचे नाव अमृत उद्यान झाले आहे) आपण रांगेत उभे राहून फुले पाहू शकतो. पण स्वतः लावलेले फूल हवे असेल तर सज्जा आणि कुंडी एवढेच हाती उरते. तेव्हा कुंडीतील स्वीट पी निरोगी कशी राहील हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न वाणाचा. स्वीट पी फुलते ती दिवसाच्या लांबीवर. उन्हाळी स्पेन्सर वाणांना साधारण बारा तासांचा दिवस लागतो, वसंती वाणांना अकरा तासांचा, आणि हिवाळी वाणांना दहा-साडेदहा तास पुरतात. दिल्लीत डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वादहा तासांचा. अकरा तास फेब्रुवारीत भरतात आणि बारा तास मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे विलायतेहून आणविलेला उंची स्पेन्सर वाण ऐन उन्हाळा दारात येईपर्यंत नुसता पानांनी वाढतो, आणि चार फुले दाखवून करपतो. दोष माळ्याचा नसतो, मातीचाही नसतो, पंचांगाचा असतो. म्हणून पुडीवर ‘हिवाळी’ किंवा ‘वसंती’ असे पाहूनच बी घ्यावे. लवकर फुलण्याचा हा गुण अमेरिकेत विकसित झाला, आणि त्याच्या पूर्वजांत ‘ब्लँच फेरी’चा वंश आहे. मुंबईत दिवस पुरेसा मोठा असतो, पण रात्री पुरेशा थंड नसतात. पुणे, नाशिक, बंगलोर येथे प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे.

कुंडी निदान एक फूट खोल असावी. या वेलाची मुळे सरळ खोल जातात. मातीचीच कुंडी बरी, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून मुळे थंड राहतात. तळाच्या भोकावर खापरी ठेवून दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, थोडी वाळू आणि मूठभर हाडांचा चुरा घालावा. ताजे शेण किंवा जादा नत्र घालू नये. मुळांवरील गाठींतून नत्र मिळविण्याची सोय या कुळाला निसर्गतःच आहे, आणि नत्र फार झाले की पाने माजतात व फुले रुसतात. काळे टणक बी असेल तर डोळ्याच्या विरुद्ध बाजूस नखकापणीने किंचित टवका काढून रात्रभर भिजवावे. पांढरट बी भिजवू नये, ते कुजते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक इंच खोल पेरावे. फूटभर रुंदीच्या कुंडीत तीन-चारच रोपे ठेवावी. तीन पानजोड्या आल्या की शेंडा खुडावा; त्याने बुडातून दोन-तीन जोमदार फांद्या फुटतात. तणावे पातळ वस्तूलाच विळखा घालतात, म्हणून जाड बांबूपेक्षा सुतळी किंवा काटक्या बऱ्या.

पुढची मुख्य गोष्ट म्हणजे पाय गार आणि डोके उन्हात. सज्जाच्या कठड्याच्या सावलीत कुंडी व वर ऊन अशी जागा उत्तम. माती कधी कोरडी ठणठणीत आणि कधी चिखल अशी झाली तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. पाणी सकाळी मुळाशी द्यावे. संध्याकाळी पानांवर पाणी राहिल्यास भुरी येते. फेब्रुवारीत शेंड्यांवर मावा दिसतो; बोटाने चोळून काढावा किंवा पाण्याची पिचकारी मारावी. फूल लागले की दररोज खुडावे. एक शेंग धरली की वेलाला आपले कार्य पूर्ण झालेसे वाटते आणि तो नव्या कळ्या काढीत नाही. ही जुनी सिसिलियन घाई आहे.

वासाचाही विचार करावयास हवा. एकफर्ड आणि कोल यांच्या मागोमाग लोकांनी फुलाचा आकार, चुण्या व रंग यांचाच ध्यास घेतला, आणि शंभर वर्षांत पुष्कळशा वाणांचा वास मंद होत गेला. ज्या गुणावरून फुलाला नाव मिळाले तोच प्रदर्शनाच्या टेबलावर गुण म्हणून मोजला गेला नाही. परमुलखात वाढणाऱ्या आमच्या मुलांकडे पाहताना हा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. त्यांना गुण चांगले मिळतात, चार भाषा येतात. आजीचे पत्र मात्र कोणीतरी वाचून दाखवावे लागते. सुदैवाने जुने वाण नाहीसे झालेले नाहीत. कूपानीचा दुरंगी रानवेल आणि ‘पेंटेड लेडी’ ही बियाणे आजही मिळतात. फुले लहान, पण वास पूर्वीचाच. त्यांना दिवस थोडा मोठा लागतो आणि फुले उशिरा येतात. तरी एखादी कुंडी त्यांच्यासाठी राखावी.

आणि जे वाण जवळ असतील त्यांचे बी धरावे. फूल आपल्या बंद होडीतच फळते, म्हणून संकरित नसलेल्या वाणाचे बी बहुधा शुद्ध निघते. मार्चअखेर दोन निरोगी वेलांवरील पहिल्या शेंगा राखून ठेवाव्या, तपकिरी झाल्या की तडकण्यापूर्वी काढाव्या, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधाव्या आणि पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, पावसाळाभर ठेवावी. पुडीवर वाणाचे नाव व साल लिहावे, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर डबा ठेवावा. दोन-तीन वर्षे बी उगवण्यास हरकत नसते.

बदलीच्या वेळी कुंड्या सोबत नेण्याचे दिवस आता राहिले नाहीत. सामान वाहणाऱ्या ट्रकवाल्यास ते परवडत नाही आणि आपल्यालाही नाही. परंतु कूपानीने पाठविले ते बीच होते, आणि त्या खाणमजुराच्या पत्नीने पंचवीस वर्षे सांभाळले तेही बीच होते. अर्धी पुडी आपल्याबरोबर न्यावी, अर्धी शेजाऱ्यांकडे द्यावी, आणि कुंड्या क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या बिऱ्हाडासाठी पाणी घालून ठेवाव्या. ऑक्टोबरात नव्या गावी कोठे पेरावयाचे, हे तेथील सज्जात ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहून ठरविता येईल.